चढ म्हणणारा माणूस

माझ्या नवऱ्याचं नाव पोपट. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते. लग्न ठरलं तेव्हा मीही हसले होते. नंतर कळलं, हा पोपट बोलतच नाही. दिवसभरात त्यांच्या कामाचे शब्द दोनच. "चढ" नाहीतर "नको". बावीस वर्षं आमची चूल त्या दोन शब्दांवर पेटली.

आम्ही झाडं पाडणारी माणसं. चोरून नाही हं, परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय आमचा ठेकेदार अभयशेठ टेम्पोची किल्लीसुद्धा फिरवत नाही. सोसायटीत झाड कललं, कुणाच्या बाल्कनीत फांदी शिरली, पार्किंगवर ओझं आलं, की त्याला फोन येतो आणि आम्ही निघतो. बारीक फांद्या मी ओढते, मोळ्या बांधते, रस्त्यावर दोरी धरून स्कूटरवाल्यांच्या शिव्या खाते. ओंडके जातात मन्सूरभाईंच्या वखारीत, तिथं ते फोडून त्यांचं जळण होतं. झाडावर चढतो माझा धाकटा भाऊ प्रज्ञेश. धाकटा म्हणजे छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन पोरींचा बाप. कमरेला पट्टा, खांद्यावर दोरखंड, पाठीला लटकवलेलं करवतीचं मशीन, आणि वर गेला की खाली उतरेपर्यंत माझं लक्ष दुसरीकडे नसतं.

मी खडकीची. माझे वडील तिथल्या क्वार्टर्समध्ये झाडलोट करायचे आणि आम्हाला शुद्ध बोलायला लावायचे. पोपट धायरीच्या जुन्या गावातले. ते "हाय" म्हणतात, मी "आहे" म्हणते, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही यावरून खरोखर भांडलो आहोत. आता भांडायचं कशावरून, असा प्रश्न आहे.

यांचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कुठलंही झाड असो, यांनी ठोकून बघितल्याशिवाय त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, ही आमची रीत. कुऱ्हाड उलटी धरायची आणि पात्याची पाठ बुंध्यावर हाणायची. आधी गुडघ्याशी, मग कमरेशी, मग हात पोचेल तेवढ्या उंचीवर, आणि असं चारी बाजूंनी. भरीव झाड ठक्क वाजतं. आतून सडलेलं, पोकळ झालेलं झाड धब्ब वाजतं. दोन्हींच्या मधे शंभर आवाज असतात आणि ते ओळखणारा कान धायरीपासून खडकीपर्यंत एकच होता. बाहेरून हिरवंगार दिसणारं झाड यांनी "नको" म्हणून सोडलं आणि तोडल्यावर आत माणूस बसेल एवढी पोकळी निघाली, असं मी डोळ्यांनी बघितलंय. "नको" म्हटलं की क्रेन मागवावी लागते. अभयशेठचं तोंड वाकडं व्हायचं, पण यांच्यापुढे बोलायची त्याची टाप नव्हती. प्रज्ञेश तर डोळे मिटून चढायचा. दाजी चढ म्हणाले ना, मग झालं.

आता कानाचं ऐका. पंधरा वर्षांपूर्वी मशीन आलं. त्याआधी दोन माणसांची करवत होती, ती रडायची पण किंचाळायची नाही. हे मशीन कानाशी धरून दिवसाचे पाच-सहा तास. तेव्हा ठेका बघणाऱ्या अभयशेठच्या वडिलांनी सगळ्यांना कानात घालायचे बोळे दिले होते. प्रज्ञेशने घातले. यांनी नाही. का, तर बुंधा कापताना आतून करकर येते, ती ऐकू आली की झाड कुठल्या बाजूला जाणार ते कळतं, मग पळायला वेळ मिळतो. कान बंद केल्यावर झाड काय म्हणतंय ते कळणार कसं, असं यांचं म्हणणं. कान जपायचा म्हणून कान उघडा ठेवला, आणि त्या उघड्या कानात मशीनने पंधरा वर्षं विस्तव ओतला. सांगा आता, कुणाला बोल लावायचा? मी तेव्हा कौतुकाने बघायचे, हेही खरं आहे.

पहिल्यांदा मला वाटलं, हे मुद्दाम करतात. कुकरच्या पाच शिट्ट्या होतात आणि माणूस शेजारी बसून पेपर वाचतो. मी काही विचारलं की "हं". भाजीत मीठ जास्त झालं का, हं. तुमची आई गेली त्याला किती वर्षं झाली, हं. मी कावले, भांडी आपटली. भांड्यांचाही आवाज यांच्यापर्यंत पोचला नाही तेव्हा कळलं, हे मुद्दाम नाही.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई चांगली होती, तिने कागदावर लिहून दाखवलं. कानाच्या आतली नस गेली, ती परत येत नाही. कानाला यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, पण तो कसला आवाज ते कळेलच असं नाही. महिनाभर यांनी ते यंत्र लावलं. म्हणाले, सगळं पत्र्यावर पडल्यासारखं वाजतंय. मग ते डबीत गेलं आणि मला बजावलं, कुणाला सांगायचं नाही. प्रज्ञेशला तर नाहीच.

मी गप्प राहिले, कारण मला वाटलं, माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल, झाडाचं येत असेल. बावीस वर्षांची सवय आहे. असा खुळा विचार माझ्यासारख्या बाईने करावा, याची मला आजही लाज वाटते.

ऑक्टोबरात एका बंगल्यात सुबाभूळ होती. यांनी ठोकली. मी दहा हातांवर मोळी बांधत होते आणि मला स्वच्छ ऐकू आलं. धब्ब. रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखं. यांनी सगळीकडून ठोकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "चढ."

प्रज्ञेशने दोर टाकलासुद्धा होता. मी ओरडले, अरे थांब, त्यावर गांधीलमाश्यांचं पोळं आहे. पोळंबिळं काही नव्हतं. माश्या शोधण्यात अर्धा तास गेला, तेवढ्यात मी यांचा हात धरून झाडामागे नेलं, बुंध्याकडे बोट दाखवलं आणि मान जोरजोरात नाही नाही अशी हलवली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग पुढे येऊन म्हणाले, "नको." अभयशेठने क्रेन मागवली. सुबाभूळ कापली तर आत नुसता भुसा.

घरी जाताना टेम्पोत मागे आम्ही दोघंच होतो. मी यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन एक एक शब्द सुटा करून सांगितलं की हे काम सोडा. मन्सूरभाईंच्या वखारीत ओंडके फोडा. घण आणि पाचर चालवायला कान लागत नाही. यांनी माझे ओठ वाचले आणि मान फिरवली. बाहेर बघतच म्हणाले, "मग मी कोण ऱ्हाईन?"

दुसऱ्या दिवसापासून आमचं ठरल्यासारखं झालं, न ठरवताच. हे ठोकायचे, मी ऐकायचे. बावीस वर्षं बाजूला उभं राहून माझाही कान तयार झाला होता, मला फक्त ते माहीत नव्हतं. मी नुसती उभी राहिले तर झाड भरीव. डोक्यावर पदर घेतला तर पोकळ. हे माझ्याकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, चढ किंवा नको. कुणाला संशय आला नाही. उन्हात बाई डोक्यावर पदर घेते, त्यात कुणाला काय दिसणार?

असे सात महिने गेले. सात महिने माझा भाऊ माझ्या कानावर चढत होता आणि त्याला वाटत होतं दाजींच्या. मला झोप यायची नाही. सर्दी झाली की जीव टांगणीला लागायचा, कानात दडे बसले तर? एकदा अंगात ताप असताना मी कामावर गेले, कारण मी नसताना यांनी "चढ" म्हटलं असतं तर? प्रज्ञेशला सांगावं असं रोज वाटायचं. सांगितलं तर यांची मान कायमची खाली. न सांगितलं तर… ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते.

मग मे महिन्यातला तो दिवस. सिंहगड रोडच्या बाजूला एका सोसायटीत गुलमोहर पाडायचा होता. सकाळी टपरीवर चहा घेताना अभयशेठने यांना दोनदा काहीतरी विचारलं, यांनी "हं" केलं. अभयशेठ हसून म्हणाला, काका झोपेतच आलेत आज. बाकीचे हसले. हेही हसले, सगळे हसतायत म्हणून. मला ते बघवलं नाही आणि माझा राग निघाला भलत्यावरच. मी यांना बाजूला ओढलं आणि तोंडासमोर बोलले, "मी नसते ना, तर तुम्ही कधीच उघडे पडला असता. सात महिने मी तुम्हाला पोसतेय."

पोसतेय, हा शब्द मी वापरला. यांनी तो ओठांवरून बरोबर वाचला. बाकी शंभर शब्द चुकतात, तो नाही चुकला.

गुलमोहर जुना होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. मुळाशी अळंबी उगवली होती आणि सालीच्या भेगेतून पिठासारखा भुसा गळत होता. माझं मन तिथंच फिरलं. त्यात शेजारच्या प्लॉटवर बोअर मारायची गाडी लागलेली, तिचा खडखडाट इतका की दात वाजत होते. सोसायटीचे एक निवृत्त काका खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, आज झाड पडणार आहे की नुसता पंचनामा चाललाय? यांनी कुऱ्हाड उलटी केली आणि ठोकायला लागले.

मला ऐकू येईना. कान टवकारला, जवळ गेले, ओढायच्या फांदीचं निमित्त करून पार बुंध्याला टेकले. बोअरच्या आवाजात ठक्क की धब्ब, काहीच धड लागेना. गुडघ्याशी बरं वाटलं. कमरेशी जरा दबका आला, की मला तसा वाटला. अळंबी समोर दिसत होती. मी डोक्यावर पदर घेतला.

यांनी बघितलं. मी पदर आणखी पुढे ओढला. यांनी नजर काढून घेतली, कुऱ्हाड काखेत धरली आणि दोन्ही तळवे झाडाला लावून उभे राहिले. खूप वेळ. मग प्रज्ञेशकडे वळून म्हणाले, "चढ."

मी म्हटलं, नको. प्रज्ञेशने दोर फेकता फेकता माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ताई, दाजी म्हणालेत ना. मी पुन्हा म्हटलं, नको चढूस. अभयशेठ वैतागला, म्हणाला ताई तुम्ही फांद्या बघा, आधीच उशीर झालाय. प्रज्ञेशने पट्टा आवळला आणि पहिल्या बेचक्यात पाय दिला. दुसरा पाय उचलला. त्याच्या थोरलीने बांधलेला निळा दोरा त्याच्या मनगटावर होता, तो माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून वर गेला. मला थांबता आलं नाही.

"त्यांना ऐकू येत नाही," मी ओरडून बोलले. "कान गेलेत त्यांचे. वर्ष होत आलं. सात महिने मी ऐकतेय आणि आज मला ऐकू आलं नाही. खाली उतर."

सगळे थांबले. काका खुर्चीतून उठले. अभयशेठ एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघायला लागला. आणि हे? यांना काही ऐकूच आलं नव्हतं. हे वर बघत होते, प्रज्ञेश का थांबला म्हणून, आणि हाताने खूण करत पुन्हा म्हणाले, "चढ की."

मग यांनी एकेकाचं तोंड बघितलं. अभयशेठचं, काकांचं, टेम्पोवाल्याचं, शेवटी माझं. माझ्या तोंडावर यांना सगळं दिसलं असणार. यांनी कुऱ्हाड हळूच झाडाला टेकवून ठेवली आणि गेटबाहेर जाऊन टेम्पोच्या सावलीत बसले.

प्रज्ञेश उतरला. त्याने पट्टा सोडला, दोर गुंडाळला, सगळं नीट जागेवर ठेवलं. मग मला विचारलं, सात महिन्यांत किती झाडं झाली? मी मोजली नव्हती. म्हणाला, "मला पोरी आहेत, ताई. तुला विसर पडला?" मी म्हणाले, तुला मी माझ्या कानावर चढवत होते, वाऱ्यावर नाही. तो म्हणाला, मला विचारलं असतंस तर तुझ्या कानावर चढलोही असतो. विचारायचं होतंस. एवढं बोलून तो पायीच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी क्रेन आली. अभयशेठने यांना बोलावलं नव्हतं, तरी हे आले आणि लांब उभे राहिले. फांद्या उतरल्या, वरचं खोड उतरलं, शेवटी प्रज्ञेशने बुंधा मुळाशी कापला. बुंधा आडवा झाला आणि मी पुढे जाऊन बघितलं. गाभा पिवळसर, ओला, चकचकीत. एक छिद्र नाही. अळंबी नुसत्या सालीला लागली होती, भुसाही सालीतल्या किड्यांचाच होता. झाड आरपार भरीव होतं.

मी माझ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं ते एका भरीव झाडासाठी. मी तिथंच मातीत बसले. हे लांबून चालत आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि त्या कापलेल्या बुडख्यावर हात फिरवला. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, तुमच्या हाताला कळलं होतं. मला माफ करा. हे मान हलवत राहिले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे हे जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं.

"हाताला काय बी कळलं नव्हतं, हिरा. उगंच म्हणालो मी चढ."

मला त्यांचा राग यायला हवा होता. माझा भाऊ चढत होता, आणि हे उगंच म्हणाले होते. राग आला नाही. मला रडू फुटलं आणि ते थांबेचना.

आता हे मन्सूरभाईंच्या वखारीत जातात. पाचर बसवतात, घण घालतात, दुपारपर्यंत ढीग पाडतात. मन्सूरभाई म्हणतात, असा फोडणारा माणूस नाही. घरी येऊन जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. बुद्धवंदनेला बसतात तेव्हाही ओठ हलत नाहीत. मी तोंडासमोर गेले तरी आता माझे ओठ वाचत नाहीत, डोळे खाली घालतात. एका घरात दोन माणसं, आणि बोलायला कुणी नाही. हे आयुष्य मी माझ्या तोंडाने आणलं, आणि पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सहन होत नाही.

प्रज्ञेश पंधरा दिवस आमच्याकडे फिरकला नाही. अभयशेठने ठोकायला दुसरा माणूस आणला, पण प्रज्ञेश त्याच्या शब्दावर चढेना. शेवटी एका रविवारी दारात आला, चप्पल न काढता उभा राहिला. म्हणाला, "ताई, तू ये ठोकायला. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी चढत नाही." हे आत बसले होते. यांना किती कळलं, मला माहीत नाही. उठले, कुऱ्हाड आणून उंबऱ्याशी ठेवली आणि वखारीकडे निघून गेले. त्या दिवशी वखारीला सुट्टी होती.

सोमवारी गेले मी. झाड सोपं होतं, मध्यम वयाचं काशीद. आजूबाजूला आवाज नाही, वारा नाही. मी कुऱ्हाड उलटी धरली. गुडघ्याशी ठोकलं, कमरेशी ठोकलं, चवड्यांवर उभी राहून वर ठोकलं, चारी बाजूंनी फिरले. ठक्क, ठक्क, ठक्क. याहून भरीव झाड कुणी दाखवू नये. मला शंका नव्हती, अगदी तसूभरसुद्धा नव्हती.

प्रज्ञेश पट्टा आवळून उभा होता. माझ्याकडे बघत होता. अभयशेठही बघत होता. सात महिने मी नुसती उभी राहायचे किंवा पदर घ्यायचे, शब्द माझा नव्हता. शब्द त्यांचा होता. तो बोलायची वेळ आली आणि माझी जीभ उचलेना. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा भरीव. अभयशेठ म्हणाला, ताई, काय आहे? मी तिसऱ्यांदा फेरी मारली. मला एवढं स्वच्छ ऐकू येत होतं, तरी मी उगंच काहीतरी बोलायला निघालेय असं वाटत होतं. बावीस वर्षं या माणसाने हा शब्द रोज उच्चारला, आधी दुसऱ्यांना, मग माझ्या भावाला वर पाठवलं, संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि एकदाही मला म्हणाला नाही की याची भीती वाटते. आणि मी त्याला म्हणाले, पोसतेय.

"ताई," प्रज्ञेश म्हणाला, "सांग ना."

"चढ," मी म्हणाले.

माझा भाऊ चढायला लागला.